गेटवरची हजेरी

गेल्या महिन्यात आमच्या टीमकडे एक फुटकळ काम आलं. क्लायंट कॅनडाचा, तोही पार उत्तरेकडचा, खाणकामवाला. त्यांच्या नोकरभरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फॉर्मला सात-आठ नवे रकाने जोडायचे होते. दोन दिवसांचं काम. मी एरवी असले फॉर्म डोळे मिटून करतो, पण या फॉर्ममधले रकाने वाचता वाचता थांबलो. तुम्ही इथल्या मूळ रहिवासी समाजातले आहात का? डेने, इनुइट की मेती? घर कुठल्या वस्तीत? कामावर यायला वस्तीतून विमानाने उचलावं लागेल का? आधी कुठलं प्रशिक्षण हवं: अक्षरओळख, गणित, की थेट यंत्राचं?

म्हणजे कंपनी उमेदवाराला 'तुला काय येतं' एवढंच विचारत नव्हती. 'तुला आमच्यापर्यंत पोचायला काय काय लागेल' असंही विचारत होती.

थोडं शोधल्यावर कळलं की हे कंपनीच्या मनाच्या मोठेपणातून आलेलं नाही. कॅनडाच्या उत्तरेत ज्यांच्या जमिनीत खाण काढायची त्या समाजांशी कंपनीला आधी करार करावा लागतो. १९९५ मध्ये क्युबेकच्या उत्तर टोकाला रॅगलान नावाच्या निकेलच्या खाणीसाठी इनुइट लोकांशी असा करार झाला. नंतर एकाटी (१९९८) आणि डायविक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी निघाल्या, तिथेही तेच. नोकऱ्या किती, प्रशिक्षण कुठलं, कंत्राटं कोणाला, हे कागदावर. शिवाय बँका, विमान कंपन्या वगैरेंसाठी १९८६ पासून रोजगार समानतेचा वेगळा कायदा आहेच.

डेमोच्या वेळी टीममधल्या एकीने सहज विचारलं, "आपल्याकडे असा फॉर्म असता तर ड्रॉपडाऊनमध्ये काय टाकलं असतं रे?"

प्रश्न डोक्यात राहिला. आणि त्याचं उत्तर शोधत शोधत मी थेट माझ्या आजोळी, किर्लोस्करवाडीला जाऊन पोचलो. लेख जरा लांबलाय मंडळी. चहा घेऊनच बसा.

माझे आजोबा (आईचे वडील) किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करायचं खातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातवंडं जमलो की आजोबांच्या ठरलेल्या गोष्टी असायच्या. त्यातली एक पेटंट.

गोष्ट अशी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. माळ कसला, निवडुंग आणि साप. बेळगावात चांगलं चाललेलं दुकान नगरपालिकेच्या विस्तारापायी हलवायला लागलं होतं. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव माळावर राहायला आले. आता अशा उघड्या माळावर लोखंड, हत्यारं, बायकापोरं... रात्री राखण कोणी करायची? लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली दोन माणसं नेमली. एक तुकाराम रामोशी, दुसरा पिऱ्या मांग. ज्यांच्या नावाने लोक दाराला कडी लावत, त्यांच्याच भरवशावर वसाहत झोपायला लागली!

आजोबा इथे थांबून आमच्याकडे बघायचे. मग म्हणायचे, "विश्वास टाकला की माणूस बदलतो."

गोष्ट खरी आहे. किर्लोस्करांच्या इतिहासात ती आवर्जून सांगितली जाते. ती किती मोठी होती हे समजायला मात्र त्या काळात काय चाललं होतं ते बघायला हवं. मी ते शाळेत शिकलो नाही. तुम्हीही नसाल.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. म्हणजे वाडीचा कारखाना उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी. कायद्याचं लॉजिक भयंकर सोपं होतं. सरकारने एखाद्या जमातीचं नाव यादीत घातलं की त्या जमातीत जन्मलेला माणूस गुन्हेगार ठरणार. त्याने काही केलं की नाही हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर आधी सांगायचं. आपल्या भागात रामोशी, मांग, कैकाडी, पारधी, बेरड, भामटे अशा समाजांमधले कितीतरी गट या नाहीतर त्या यादीत गेले. खेड्यापाड्यात या सगळ्या प्रकाराला एकच शब्द होता. हजेरी.

वारणेच्या खोऱ्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) वाचली असेल तर मांगांवर लागलेल्या हजेरीचा जाच तुम्हाला माहीत आहे. शेतात कितीही काम असो, पोर तापाने फणफणलेलं असो, हजेरी चुकली की गुन्हा.

यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. रामोशी हा मुळात राखणदार समाज. पुरंदरच्या परिसरात किल्ल्याच्या पहाऱ्याचं काम त्यांच्याकडे होतं. गावोगावी चोरीचा माग काढायचं, राखणीचं काम त्यांचं, त्याबद्दल गावाकडून धान्य आणि काहींना इनाम. १८१८ मध्ये पेशवाई गेली, किल्ले इंग्रजांनी ताब्यात घेतले आणि पहाऱ्याचं काम संपलं. आजच्या भाषेत, अख्खी इंडस्ट्रीच एका फटक्यात बंद. उमाजी नाईकांचं बंड यातूनच पेटलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या मागावर असलेल्या मॅकिंटॉश नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुसऱ्याच वर्षी रामोश्यांवर एक पुस्तकच लिहून काढलं. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके उठले ते याच रामोश्यांना बरोबर घेऊन.

म्हणजे क्रम बघा. आधी राखणदार. मग बेकार. मग बंडखोर. आणि शेवटी कायद्याने जन्मजात चोर. लोक तेच होते. फक्त नोकरी देणारा मालक गेला होता.

अशा वेळी एक कारखानदार उठतो आणि म्हणतो, मला राखणदार हवाय, तू ये. ही साधी गोष्ट नाही. वाडी औंध संस्थानात होती आणि ब्रिटिश हद्दीतला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे, तरी लोकांच्या मनातला कायदा सगळीकडे सारखाच असतो. लक्ष्मणरावांनी वसाहतीत शिवाशिवीलाही बंदी घातली होती. १९१० च्या दशकात!

याच काळात सरकारही या जमातींना कामाला लावत होतं. त्याची पद्धत वेगळी. सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी 'सेटलमेंट' काढल्या. आजही सोलापुरात जुनी माणसं तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. तारेच्या कुंपणात वस्ती. तिथली माणसं गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. पोरांना शाळा होती, सुतारकीसारखं हातकामही शिकवत. मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाचे आयसीएस अधिकारी हे खातं बघत. आकड्यांत मोजलं तर हे यशच. अमुक माणसं कामाला, तमुक पोरं शाळेत. आमच्या क्लायंटच्या डॅशबोर्डवर हिरवा रंग आला असता. फक्त त्या माणसांना काम नाकारायचा हक्क नव्हता. नोकरी आणि बेडी एकाच हातात आलेली.

मग तिसरी माणसं येतात. भाऊराव पाटील.

कर्मवीर म्हणून त्यांचा पुतळा आपण सगळ्यांनी बघितलाय, पण ते आधी सेल्समन होते हे किती जणांना माहीत आहे? किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरत. त्या वेळी हे सोपं नव्हतं. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिले सहा नांगर खपायलाच लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली होती. नंतर धनजीशा कूपर यांच्या सातारा रोडच्या नांगर-कारखान्याच्या उभारणीतही भाऊराव होते. (हे कूपर म्हणजे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले तेच.) पण दोघांचं बिनसलं आणि भाऊराव बाहेर पडले.

फिरता फिरता भाऊरावांनी एक गोष्ट बघितली होती. खेड्यातल्या पोराला अडवणारी पहिली गोष्ट म्हणजे शाळेच्या गावात राहायचं कुठे आणि जेवायचं काय. फी त्यानंतर. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत. १९२७ मध्ये गांधीजी आले, त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पोरं जगवायला लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नींनी, अंगावरचे दागिने मोडले. पुढे १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज आणि १९४० मध्ये साताऱ्याचं सयाजीराव हायस्कूल, जिथे पोरं काम करून शिकायची. 'कमवा आणि शिका' हे नाव आपल्याला शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर भेटतं, पण त्यामागे दगड फोडणारी, रस्ते करणारी पोरं आहेत.

एका अर्थी कॅनडाच्या फॉर्ममधला तो रकाना, 'वस्तीतून उचलावं लागेल का', भाऊरावांनी नव्वद-शंभर वर्षांपूर्वी भरला होता. विमानाऐवजी वसतिगृह.

आणि चौथा प्रयोग तर सिनेमात गेला. औंध संस्थानाचे राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन. हा फ्रिडमन आपल्याच जातीचा, म्हणजे इंजिनिअर. :) पोलंडचा. बंगलोरला सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरी चालवायला आला आणि गांधींच्या नादी लागला. १९३९ मध्ये औंधच्या राजाने स्वतःची सत्ता प्रजेकडे देणारी घटना केली, त्यामागेही हा माणूस होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. शिक्षा भोगणारे कैदी, पण भिंत नाही. बायकामुलांसह राहायचं, शेती करायची. माडगूळच्या गदिमांनी यावरून कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, बर्लिनला पुढच्या वर्षी तो गाजला. स्वतंत्रपूर आजही आहे, सांगली जिल्ह्यात, खुली वसाहत म्हणूनच.

नकाशा उघडून बघा. किर्लोस्करवाडी, वाटेगाव, काले, सातारा, आटपाडी. सगळं एका दिवसाच्या बाईक ट्रिपमध्ये बसतं. तेव्हा हे संस्थानं आणि सातारा जिल्हा असं मिसळलेलं होतं. सांगली जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, दक्षिण सातारा या नावाने, आणि १९६० मध्ये त्याला सांगली म्हणू लागले. इतक्या छोट्या टापूत 'गुन्हेगार' म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना काम कसं द्यायचं याचे इतके प्रयोग झाले. मी हे सगळं वाचून फार खूश झालो. शोध लागल्यासारखा. आणि ही गोष्ट कोणाला तरी सांगायची खुमखुमी आली.

आमच्या ऑफिसच्या गेटवर एक मामा आहेत. सिक्युरिटी एजन्सीचे. माण तालुक्यातले, नाईक आडनावाचे, रामोशी समाजाचे. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांनी उमाजी नाईकांच्या जयंतीला सुट्टी मागितली आणि एजन्सीने दिली नाही तेव्हा. एका रविवारी रिलीजसाठी ऑफिसला आलो होतो. बिल्ड चालू होता, तासभर करायला काही नाही. खाली जाऊन मामांबरोबर चहा घेतला आणि तुकाराम रामोश्याची गोष्ट सांगितली. आजोबांसारखाच शेवटी थांबलोसुद्धा.

मामांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "लई चांगलं काम केलं त्यांनी. आन् मशीनवर कोन हुतं?"

मी म्हणालो, म्हणजे?

"म्हंजे त्यांना बी गेटावरच ठिवलं की, साहेब."

बोलण्यात राग नव्हता. त्यांनी एक बारीकसा बग दाखवला होता, जो मला शंभर वर्षांच्या इतिहासात दिसला नव्हता.

पुढचा आठवडाभर मी त्या प्रश्नाशी भांडत होतो. बाजू मांडायचा प्रयत्न केला. तुरुंगातून आलेल्या माणसाला राखणदार नेमणं हे लेथवर उभं करण्यापेक्षा जास्त धाडसाचं आहे. लेथवर विश्वास लागत नाही, राखणीला लागतो. हे खरंच आहे. वाडीने आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी पोरांना, ज्यांनी लोखंड फक्त विळ्यात आणि पहारीत बघितलं होतं, ओतकाम आणि फिटिंग शिकवलं हेही खरं. माझे आजोबा त्या शिकलेल्यांतलेच.

पण मामांचा प्रश्न तरीही उभा राहतो. विश्वास आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रामोश्याला विश्वासाचं काम मिळालं, ते त्याच्या जातीचंच जुनं काम होतं. मालकाने त्याच्यातला राखणदार ओळखला. त्याच्यातला फिटर, त्याच्या पोरातला ड्राफ्ट्समन ओळखायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे शिकवण्यात घालवलेली वर्षं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले. एका पिढीत सायकलच्या दुकानापासून एमआयटीपर्यंत! कर्तृत्व आहेच. पण त्याच पिढीत गेटवरून शॉपफ्लोअरपर्यंतचं शंभर पावलांचं अंतर कोणी मोजलं नाही.

आणि आपण तरी कुठे मोजतोय?

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात, म्हणजे स्वातंत्र्यदिनानंतर पाच वर्षांनी सुटलेले. पण सुटल्यावर काय? पुढे त्यांची वाटणीच विचित्र झाली. पारध्यांतले फासेपारधी अनुसूचित जमातीत. मांग अनुसूचित जातीत. रामोशी महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' मध्ये, जिथे तीन टक्के आरक्षण आहे. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि आपल्या साताऱ्यात विमुक्त जातीत! म्हणजे त्याच समाजाचा माणूस नागपूरचा असला की त्याची कॅटेगरी बदलते. डेटाबेस असा डिझाईन केला तर आमचा आर्किटेक्ट आम्हाला उभं जाळेल. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, त्याला साहित्य अकादमी मिळालं. ते वाचलं की कळतं, शाळेच्या दारापर्यंत पोचणं हीच केवढी लढाई होती.

आता कंपन्यांचं बघू. हे सगळं आरक्षण सरकारी नोकरीपुरतं. खाजगी कंपनीला ते लागू नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगपतींना आपणहून काही करायचं आवाहन केलं, तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता काढली. ती मुख्यतः अनुसूचित जाती आणि जमातींसाठी. केंद्राच्या हिशोबात बहुतेक विमुक्त समाज ओबीसीत मोडतात, त्यामुळे रामोशी इथेही गेटबाहेर.

पण एक कायदा असा आहे जो मला स्वतःला माहीत नव्हता आणि पैज लावतो, तुमच्या एचआरमधल्या अर्ध्या लोकांनाही पटकन आठवणार नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१. आयटीआयवाल्या पोरांची अॅप्रेंटिसशिप याच कायद्याखाली होते. यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि २००७ च्या दुरुस्तीने ओबीसींसाठी जागा राखायची तरतूद आली, आणि हा कायदा खाजगी आस्थापनांनाही लागतो! म्हणजे नोकरीत नाही, पण शिकण्यात खाजगी कंपनीनेही जागा ठेवायची असं देशाने पन्नासेक वर्षांपूर्वीच ठरवलंय. मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्याच्या पुस्तकात पडून आहे.

अर्धंच. कारण राखीव जागेपर्यंत पोचायला सहसा आयटीआय लागतं, आयटीआयला बहुतेकदा दहावी लागते, दहावीला पोटापाण्यासाठी न हिंडणारे आईबाप लागतात आणि जातीच्या दाखल्याला जुने कागद लागतात. ज्यांच्या आजोबांचा सरकारदरबारी एकमेव कागद म्हणजे हजेरीचं रजिस्टर, त्यांनी ते कुठून आणायचे?

म्हणून मला वाटतं या चार प्रयोगांकडे वेगवेगळं बघून भागणार नाही. सेटलमेंटने काम दिलं, स्वातंत्र्य नाही. स्वतंत्रपूरने मोकळीक दिली, पण ती कैद्यांपुरती. वाडीने विश्वास दिला, तो गेटपर्यंत. भाऊरावांनी शिक्षण दिलं, पण पुढे नोकरी देणारा कारखाना त्यांच्या हातात नव्हता. खाणवाल्या कॅनडाच्या करारात हे तुकडे निदान एका कागदावर आणायचा प्रयत्न आहे. तिथेही सगळं आलबेल नाही, पण एक मोठा फरक आहे. तिथे समोरच्या समाजाच्या हातात जमीन होती, सही करायची की नाही हे ठरवायची ताकद होती. तुकाराम रामोश्याच्या हातात फक्त काठी होती, आणि तीही मालकाने दिलेली.

आता कबुलीजबाब.

मामांचा मुलगा डिप्लोमा झालाय, कॉम्प्युटरचा. तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज, मार्क बरे. आठ महिन्यांपूर्वी मामांनी त्याचा रेझ्युमे माझ्या हातात दिला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मी "बघतो मामा" म्हणालो. आमच्याकडे फ्रेशर घ्यायची कॉलेजांची यादी ठरलेली असते, त्यात ते कॉलेज नाही. डिप्लोमावाले तर नाहीतच. त्यामुळे मी बघितलं नाही. वाईट हेतू अजिबात नव्हता. फक्त यादीत नव्हतं.

यादी! लिहिताना हा शब्द माझ्यावरच उलटला. एक यादी १९११ मध्ये होती, जिच्यात नाव असलं की माणूस संपला. एक यादी आज आहे, जिच्यात नाव नसलं की माणूस दिसतच नाही. दोन्ही सारख्या नाहीत, हे मला कळतं. पहिलीत जुलूम होता, दुसरीत फक्त आळस आहे. पण गेटवरच्या माणसाला दोन्हीचा निकाल एकच लागतो.

गेल्या सोमवारी तो रेझ्युमे ड्रॉवरमधून काढला. मुलाला शनिवारी घरी बोलावून दोन तास बसलो. पोरगं हुशार आहे, जावा बरी येते, एसक्यूएलमध्ये कच्चं आहे, इंग्रजीत घाबरतं. माझ्या पहिल्या वर्षी मीही असाच होतो, फक्त माझ्या कॉलेजचं नाव यादीत होतं. रेझ्युमे मॅनेजरला पाठवलाय, सोबत शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याची दोन वाक्यं. मॅनेजरने "इंटरेस्टिंग, लेट्स डिस्कस" असं उत्तर दिलंय. आयटीत याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणताच. असो. दर शनिवारी दोन तास एसक्यूएल मात्र नक्की. तेवढं माझ्या हातात आहे, त्याला कोणाचं अप्रूव्हल लागत नाही.

आजोबा आता नाहीत. असते तर मामांचा प्रश्न त्यांना विचारला असता. मला वाटतं ते चिडले नसते. ते पॅटर्न शॉपचे. त्यांचंच एक म्हणणं होतं, की ओतीव काम बिघडलं तर लोखंडाला शिव्या देऊ नये, आधी साचा तपासावा.

आज सकाळी ऑफिसला आलो तेव्हा मामा गेटवर होते. मी मशीनवर अंगठा लावला, हिरवा दिवा लागला, माझी हजेरी लागली. मामांची हजेरी एजन्सीच्या वहीत, सहीने. दोघांच्या मध्ये तेच फिरतं गेट. आत जाता जाता मामांनी हळूच विचारलं, "पोरगं काय म्हंतंय?"

"जॉइन क्वेरी अडलीय मामा," मी म्हणालो.

त्यांना काही कळलं नाही, पण हसले. "अडू द्या की. शिकतंय ना?"